रक्षक, भक्षक आणि क्रियापद : शोथवर्णनातील युद्धरूपकाची चिकित्सा

१

शरीरात जंतूंचा शिरकाव झाला म्हणजे रक्तातील पांढऱ्या पेशी त्यांच्याशी लढतात, ही कल्पना मराठी वाचकाच्या इतकी अंगवळणी पडली आहे की, ती एक कल्पना आहे ह्याचाच त्याला विसर पडला आहे. शालेय पाठ्यपुस्तके, वृत्तपत्रांतील आरोग्यविषयक सदरे, रुग्णालयांच्या भिंतींवरील माहितीफलक ह्या सर्व ठिकाणी पांढऱ्या पेशी म्हणजे सैनिक, शरीर म्हणजे किल्ला आणि जंतू म्हणजे परचक्र, अशी मांडणी आढळते. ज्या समाजाच्या स्मृतीत गड, वेढे आणि गनिमी कावा ह्यांना मोठे स्थान आहे, त्या समाजाला हे रूपक जवळचे वाटावे ह्यात नवल नाही. प्रस्तुत लेखात ह्या रूपकाची चिकित्सा करावयाची आहे.

ही चिकित्सा केवळ शैलीपुरती नाही. जी पेशी जंतूचा नाश करते, तीच शेजारच्या निरोगी ऊतकाचीही नासाडी करू शकते, ही गोष्ट विसाव्या शतकातील विकृतिविज्ञानाने निःसंदिग्धपणे प्रस्थापित केली आहे. आणि नेमकी हीच गोष्ट युद्धाच्या भाषेत नीट सांगता येत नाही. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे : पांढऱ्या पेशींमुळे होणारी ऊतकहानी ही त्या पेशींची चूक नव्हे आणि फितुरीही नव्हे. ज्या रासायनिक साधनांनी जंतू मरतो त्याच साधनांनी, ती पेशीबाहेर सांडली की, ऊतक विरते. म्हणून प्रश्न निष्ठेचा नसून स्थळाचा, मात्रेचा आणि काळाचा आहे. युद्धाच्या परिभाषेत निष्ठेसाठी शब्दांचा सुकाळ आहे. स्थळ, मात्रा आणि काळ ह्यांना मात्र तीत दुय्यम जागा मिळते.

२

प्रथम संज्ञांचा विचार करू. ज्या प्रक्रियेला आपण शास्त्रीय मराठीत 'शोथ' अथवा 'दाह' म्हणतो, तिच्या जुन्या नावांत युद्ध कोठेही नाही. 'शोथ' हा शब्द फुगणे, वाढणे ह्या अर्थाच्या 'श्वि' धातूपासून आला आहे. 'दाह' उघडच 'दह्' धातूपासून. लॅटिन नावाच्या मुळाशी 'ज्वाला' हा शब्द आहे आणि जर्मन नावाचा अर्थ 'पेटणे' असा होतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममध्ये सेल्सस ह्या लेखकाने लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही जी चार लक्षणे नोंदविली, ती आजही वैद्यकाच्या पहिल्या धड्यात शिकविली जातात. अवयवाचे कार्य बिघडणे हे पाचवे लक्षण त्यांत पुढे जोडले गेले. ही सर्व लक्षणे अवस्थेची होत. त्यांत कोणी कर्ता नाही.

आपल्याकडील परंपराही अशीच आहे. सुश्रुतसंहितेत व्रणशोथाच्या आम, पच्यमान आणि पक्व अशा तीन अवस्था सांगितल्या असून, त्या नीट ओळखल्याखेरीज वैद्याने शस्त्र चालवू नये असा तेथील रोख आहे. ह्या 'पक्व'चाच वारसा प्राकृत 'पिक्क'मधून आपल्या 'पिकणे' ह्या क्रियापदात आला. 'गळू पिकले' असे मराठी माणूस आजही म्हणतो. आंबा पिकणे आणि गळू पिकणे ही दोन्ही तो एकाच क्रियापदाने सांगतो. त्याच्या बोलण्यात जखम ठणकते, चिघळते, भरून येते; सूज चढते, उतरते, ओसरते. ही सारी क्रियापदे अकर्मक आहेत. त्यांत प्रक्रिया आहे, टप्पे आहेत, वेळ आहे, शत्रू नाही.

युद्ध ह्या वर्णनात आले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १८६७ साली यूलिउस कोनहाइम ह्यांनी बेडकाच्या आतड्याला धरून ठेवणाऱ्या पातळ पडद्यातील रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळताना पांढऱ्या पेशी वाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडताना पाहिल्या, आणि पुवातील पेशी म्हणजे रक्तातून आलेल्या ह्याच पेशी होत, असे दाखविले. पुढे १८८२ साली सिसिली बेटावरील मेसिना येथे एल्या मेचनिकॉफ ह्यांनी तारामाशाच्या पारदर्शक डिंभात काटा टोचला. दुसऱ्या दिवशी काट्याभोवती फिरत्या पेशी गोळा झालेल्या त्यांस आढळल्या. ह्या पेशींना नाव हवे होते. व्हिएन्ना येथील प्राणिशास्त्रज्ञ कार्ल क्लाउस ह्यांच्या सूचनेवरून ते ग्रीकमधील 'खाणे' ह्या अर्थाच्या शब्दापासून घडविण्यात आले. मराठीतील 'भक्षकपेशी' हे त्याचेच रूप. म्हणजे येथपर्यंतही रूपक युद्धाचे नसून भोजनाचे आहे, आणि पेशीच्या आत चालणारे पचन हाच मेचनिकॉफ ह्यांच्या आवडीचा विषय होता. परंतु १८८४ साली डॅफ्निया नावाच्या सूक्ष्म जलचराच्या रोगावर त्यांनी जो निबंध लिहिला, त्याच्या शीर्षकातच भक्षकपेशी आणि रोगकारक ह्यांच्यासंबंधी 'झुंज' ह्या अर्थाचा जर्मन शब्द त्यांनी योजिला.

त्या काळी पांढऱ्या पेशी जंतूंना शरीरभर पसरवितात, असे मानणारे वैद्य पुष्कळ होते. त्या मताला विरोध करताना पेशीच्या बाजूने उभे राहणारा एखादा जोरकस शब्द हवाच होता. तेव्हा रूपक त्या क्षणी उपयोगी होते, हे नाकारता येत नाही. १९०८ साली पाउल एरलिख ह्यांच्यासमवेत मेचनिकॉफ ह्यांस नोबेल पारितोषिक मिळाले, तोपर्यंत रूपक आणि सिद्धांत ह्यांतील शिवण दिसेनाशी झाली होती.

३

आता प्रत्यक्षात काय घडते ते पाहू. पांढऱ्या पेशी अनेक प्रकारच्या आहेत. त्यांत न्यूट्रोफिल ह्या पेशी संख्येने सर्वाधिक. प्रौढ माणसाच्या अस्थिमज्जेत त्या दररोज सुमारे १०,००० कोटी इतक्या तयार होतात. जखम झालेल्या अथवा जंतू वाढू लागलेल्या जागेतून रासायनिक संकेत निघतात. त्यांमुळे तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराला चिकटपणा येतो. वाहत जाणारे न्यूट्रोफिल त्या अस्तरावर घरंगळू लागतात, थबकतात, मग भिंतीतून निसटून ऊतकात उतरतात आणि संकेताच्या दिशेने सरकत जातात. जंतू भेटला की पेशी त्याला कवेत घेऊन गिळते. गिळलेला जंतू पेशीच्या आत एका बंद कप्प्यात पडतो, आणि पेशीतील कणिका ह्या कप्प्यात आपले द्रव्य ओततात.

ही द्रव्ये दोन प्रकारची आहेत. एक प्रकार विकरांचा : इलॅस्टेज, कॅथेप्सिन, कोलॅजनेज इत्यादी. प्रथिनांचे तुकडे करणे हे ह्यांचे काम. जंतूचे प्रथिन आणि आपले प्रथिन असा भेद त्यांना कळत नाही. आपल्या ऊतकांच्या सांगाड्यातील कोलॅजन आणि फुप्फुसाला लवचिकपणा देणारे इलॅस्टिन ह्यांचेही ती तुकडे करतात. दुसरा प्रकार प्राणवायूपासून होणाऱ्या दाहक द्रव्यांचा. पेशीच्या पटलावरील एक विकरसंच प्राणवायूपासून सुपरऑक्साइड बनवितो, त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड होते, आणि मायेलोपरॉक्सिडेज ह्या विकराच्या साहाय्याने त्यातून हायपोक्लोरस आम्ल तयार होते. नळाचे पाणी क्लोरीन घालून निर्जंतुक करतात तेव्हा त्या पाण्यात जे द्रव्य जंतू मारते, तेच हे. पुवाला जी हिरवट छटा येते, तीही मुख्यतः ह्या मायेलोपरॉक्सिडेजच्या रंगामुळे.

हे सर्व बंद कप्प्यात चालले तर शेजारच्या ऊतकाला फारशी झळ लागत नाही. परंतु कप्पा नेहमीच बंद असतो असे नाही. घास पुरता आत जाऊन तोंड मिटण्यापूर्वीच कणिका रिकाम्या होऊ लागल्या की काही द्रव्य बाहेर सांडते. गिळावयाची वस्तू पेशीपेक्षा फार मोठी अथवा सपाट असली, उदाहरणार्थ सांध्याच्या कूर्चेवर बसलेली प्रतिपिंडांची जुळणी, तर पेशी तिच्यावर पसरते, गिळण्याचा प्रयत्न करते आणि गिळणे शक्य न झाल्यामुळे आपली द्रव्ये थेट त्या पृष्ठभागावर ओतते. पेशी फुटून मेली तर तिच्यातील सर्वच साठा बाहेर येतो. ह्यांत आणखी एका प्रकाराची भर २००४ साली पडली. बर्लिन येथील माक्स प्लांक संस्थेतील संशोधकांनी असे दाखविले की, न्यूट्रोफिल आपल्याच केंद्रकातील डीएनएचे धागे बाहेर टाकतात आणि इलॅस्टेजसारखी विकरे चिकटलेल्या त्या जाळ्यात जंतू अडकून मरतात. जाळे पसरते ते अर्थातच ऊतकात आणि रक्तवाहिनीत. मागे राहिलेले जाळे तेथील पेशींना अपायकारक ठरू शकते.

सांडलेली विकरे निष्प्रभ करण्याची सोयही शरीरात आहे. यकृतात तयार होऊन रक्तात फिरणारे अल्फा-१ अँटिट्रिप्सिन हे प्रथिन इलॅस्टेजला जखडून टाकते. पण येथे वर सांगितलेल्या दोन प्रकारांची सांगड पडते. हायपोक्लोरस आम्लासारखी द्रव्ये ह्या प्रथिनाच्या एका नेमक्या जागेवर आघात करून त्याला निकामी करतात, आणि मग त्या परिसरात इलॅस्टेजला आवरणारे कोणी उरत नाही. स्टीफन वाइस ह्यांनी १९८९ साली ह्या विषयाचा जो आढावा घेतला, त्यात ह्या परस्परसाहाय्यावरच भर आहे.

४

ह्या विवेचनाला दोन रोगांचा आधार देतो. कारण दोहोंत निसर्गाने एकेक घटक काढून घेऊन जणू प्रयोगच मांडला आहे.

१९६३ साली स्वीडनमधील माल्मो येथे कार्ल-बर्टिल लॉरेल आणि स्टेन एरिक्सन ह्यांनी अल्फा-१ अँटिट्रिप्सिनची उणीव असलेल्या पाच व्यक्तींची नोंद प्रसिद्ध केली. रक्तातील प्रथिने विद्युत्‌प्रवाहाच्या साहाय्याने कागदाच्या पट्टीवर वेगळी केली असता ह्या प्रथिनाचा पट्टा त्यांच्यात जवळजवळ दिसत नव्हता. पाचांपैकी तिघांना फुप्फुसांतील वायुकोशांच्या भिंती विरून जाण्याचा रोग होता. ह्या रुग्णांच्या पांढऱ्या पेशींत काही दोष नव्हता; त्या इतर कोणाच्याही पेशींसारख्याच होत्या. उणीव होती ती आवर घालणाऱ्या प्रथिनाची. अशा व्यक्तीने धूम्रपान केले तर हानी कितीतरी लवकर होते. कारण धूर न्यूट्रोफिलांना फुप्फुसात गोळा करतो आणि जे काही थोडे अँटिट्रिप्सिन असेल तेही निकामी करतो.

दुसरा रोग ह्याच्या उलट आहे. विसाव्या शतकाच्या सहाव्या दशकात काही मुलांमध्ये असा रोग ओळखला गेला की, त्यांच्या भक्षकपेशी जंतू गिळतात, परंतु त्यांतील कित्येकांना मारू शकत नाहीत. प्राणवायूपासून सुपरऑक्साइड करणारा विकरसंच त्यांच्यात जन्मतःच सदोष असतो. युद्धाच्या भाषेत बोलावयाचे तर ह्या सैनिकांची अर्धी शस्त्रे काढून घेतलेली आहेत. मग त्यांच्या ऊतकांचे नुकसान तरी कमी व्हावयास हवे होते. तसे होत नाही. ह्या मुलांत जंतुसंसर्ग वारंवार होतोच, शिवाय गाठी धरतात, आणि जंतू सापडत नसतानाही आतड्याचा शोथ होतो. ह्याचा अर्थ असा की, तीच दाहक द्रव्ये शोथाला आवर घालण्याच्या कामातही सहभागी आहेत. 'शस्त्र' ह्या शब्दात हा दुहेरीपणा मावत नाही.

५

येथे भाषेच्या अभ्यासकाचे खरे काम सुरू होते. मराठीतील लोकप्रिय शास्त्रीय लेखनात ह्या विषयावर ज्या धर्तीची वाक्ये आढळतात, त्यांचा एक नमुना घेऊ : 'पांढऱ्या पेशी जंतूंवर हल्ला चढवितात व त्यांना ठार करतात. कधीकधी ह्या प्रक्रियेत आसपासच्या ऊतकांची हानी होते.' पहिल्या वाक्यात कर्ता आहे, कर्म आहे, हेतू आहे; क्रियापदे सकर्मक आहेत. दुसऱ्या वाक्यात कर्ता नाहीसा झाला आहे. 'हानी होते.' कोण करते, कशाने करते, कोठे करते ह्यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर वाक्यात नाही. जंतू मरतो तेव्हा पांढरी पेशी वाक्याच्या अग्रभागी उभी असते. ऊतक विरते तेव्हा ती वाक्याबाहेर निघून जाते. वस्तुतः दोन्ही ठिकाणी काम करणारे इलॅस्टेज एकच आहे. एकाच घटनेचे दोन परिणाम दोन भिन्न व्याकरणांत सांगितल्यामुळे वाचकाच्या मनात त्या दोन भिन्न घटना होतात. एक पराक्रम आणि दुसरा अपघात.

हा पक्षपात ज्यांच्या ध्यानात येतो, ते पुष्कळदा दुसऱ्या टोकाला जातात. 'कुंपणानेच शेत खाल्ले' किंवा 'रक्षकच भक्षक झाले' अशा म्हणी आणि वाक्प्रयोग त्यांच्या हाताशी तयारच असतात. येथे कर्ता परत आला खरा, पण फितूर होऊन आला. कुंपणाने शेत खाणे ह्यात विश्वासघात गृहीत आहे. कुंपणाचे काम खाण्याचे नाही. भक्षकपेशीचे काम मात्र खाण्याचेच आहे. तिने आपला धर्म सोडलेला नाही. ती तेच करते आहे, पण जेथे करावयाचे तेथे नव्हे, अथवा जितके करावयाचे तितके नव्हे. म्हण चटकदार आहे म्हणून ती लागू पडते असे नाही.

असाच उलटफेर लुइस टॉमस ह्या अमेरिकन वैद्याच्या १९७२ सालच्या एका निबंधात दिसतो. पुष्कळ रोगांत जंतूंपेक्षा आपल्या स्वतःच्या संरक्षणाचा शस्त्रसाठाच आपल्याला अधिक घातक ठरतो, असे त्यांनी मांडले. विचार मोलाचा होता आणि आत्मसंतुष्ट वाचकाला हलविण्याचे सामर्थ्य त्यात होते. परंतु चिकित्सकाने हे नोंदविले पाहिजे की, त्यांनी रूपक टाकले नाही, फक्त तोफांची तोंडे फिरविली. सैन्य घातक असेल तर ते बरखास्त करावे, हा निष्कर्ष ह्या मांडणीतून आपोआप सुचतो. वैद्यकाने ते करूनही पाहिले. हृदयाची रक्तवाहिनी तुंबून पुन्हा मोकळी केल्यावर तेथे न्यूट्रोफिल गोळा होतात. १९८३ सालच्या कुत्र्यांवरील प्रयोगांत त्यांची संख्या आधीच घटविली असता हृदयस्नायूचे नुकसान कमी झाले. परंतु न्यूट्रोफिलांना वाहिनीच्या भिंतीला चिकटू न देणारी प्रतिपिंडे हृदयविकाराच्या रुग्णांस देऊन पाहिली, तेव्हा २००१ आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत अपेक्षित लाभ दिसला नाही. ह्या अपयशाला अनेक कारणे असतील. ते रूपकाच्या माथी मारणे योग्य होणार नाही. तथापि, 'शत्रू कोण' एवढे ठरले की उपाय ठरला, ही समजूत येथे उपयोगी पडली नाही, इतके निश्चित.

६

ह्या रूपकाची परीक्षा जेथे शत्रूच नसतो किंवा शत्रू मेलेला असतो, अशा ठिकाणी घ्यावी. गाउट ह्या व्याधीत सांध्यात यूरिक आम्लाच्या लवणाचे सुईसारखे स्फटिक साचतात. तेथे जंतू नसतो. १९६२ सालच्या सुमारास काही संशोधकांनी असे स्फटिक सांध्यात टोचून हुबेहूब तोच झटका निर्माण करून दाखविला. त्यांतील दोघांनी तर हा प्रयोग स्वतःच्या गुडघ्यांवर केला. न्यूट्रोफिल येतात, स्फटिक गिळतात, त्यांची द्रव्ये सांडतात, आणि पायाच्या अंगठ्याला पांघरुणाचा स्पर्शही सोसवेनासा होतो. ही लढाई कोणाविरुद्ध आहे, ह्या प्रश्नाला उत्तर नाही. कारण प्रश्नच चुकीचा आहे.

दुसरे उदाहरण कुष्ठरोगाचे. ह्या रोगाच्या शुश्रूषेची दीर्घ परंपरा महाराष्ट्रात, विशेषतः विदर्भात आहे. १९८२ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुऔषधी उपचारांची शिफारस केली, तेव्हापासून जंतू मारणे हे ह्या रोगातील अवघड काम राहिलेले नाही. परंतु उपचार चालू असताना, किंवा ते पुरे झाल्यावरही, काही रुग्णांस 'रिॲक्शन' येते. तिच्या एका प्रकारात ताप येतो, त्वचेवर लाल, दुखऱ्या गाठी उठतात, मज्जातंतू सुजतात. त्या गाठींत न्यूट्रोफिल आढळतात. दुसऱ्या प्रकारात लसीकापेशींच्या वाढलेल्या प्रतिक्रियेमुळे मज्जातंतूला इजा होते आणि थोड्या दिवसांत हात वा पाय लुळा पडू शकतो. जंतू मेलेले असतात. त्यांचे अवशेष उरलेले असतात, आणि हानी होते ती त्या अवशेषांना मिळालेल्या प्रतिसादामुळे.

आता ज्या रुग्णास आपण 'औषध शत्रूला मारील' एवढेच शिकविले आहे, त्याने ह्या अनुभवाचा अर्थ कसा लावावा? तो म्हणतो, 'औषध बाधले,' आणि गोळ्या बंद करतो. अथवा म्हणतो, 'रोग बळावला,' आणि आशा सोडतो. दोन्ही निष्कर्ष त्याला दिलेल्या भाषेतून अगदी तर्कशुद्ध निघतात. ह्या वेळी हवे असते ते तातडीने उपचारकेंद्रात जाणे; कारण शोथ शमविणारे औषध वेळेत मिळाले तर मज्जातंतू वाचू शकतो. येथे एका वाक्याच्या रचनेवर माणसाचा हात अवलंबून असतो, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

२०२० आणि २०२१ ह्या दोन वर्षांत हाच प्रसंग सर्व समाजावर आला. 'प्रतिकारशक्ती वाढवा' हे शब्द त्या काळात घरोघरी गेले. काढे, चूर्णे, गोळ्या ह्या शब्दांच्या आधाराने खपल्या. सैन्य जितके मोठे तितका विजय नक्की, हे त्यामागील अनुमान. त्याच २०२० साली ब्रिटनमधील 'रिकव्हरी' ह्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. डेक्सामेथासोन हे प्रतिकारप्रक्रियेला आवर घालणारे औषध दिले असता, कृत्रिम श्वसनयंत्रावर असलेल्या रुग्णांत २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण ४१.४ टक्क्यांऐवजी २९.३ टक्के राहिले. केवळ प्राणवायू दिला जात असलेल्यांत २६.२ टक्क्यांऐवजी २३.३ टक्के. परंतु ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती, त्यांच्यात लाभ आढळला नाही. त्यांच्यातील आकडे औषध न देता १४ टक्के आणि औषध देऊन १७.८ टक्के असे होते. तेच औषध, तोच रोग. अवस्था निराळी, म्हणून फळ निराळे. आम आणि पक्व ह्यांतील भेद ओळखण्याचा सुश्रुताचा आग्रह येथे आठवल्याखेरीज राहत नाही.

आवर प्रमाणाबाहेर गेला तर काय होते, हेही महाराष्ट्राने २०२१ साली पाहिले. काळ्या बुरशीचे अनेक रुग्ण त्या उन्हाळ्यात आढळले, आणि अनियंत्रित मधुमेहाच्या जोडीला स्टेरॉइडांचा अवाजवी वापर हे त्याचे एक प्रमुख कारण मानले गेले. तेव्हा 'वाढवा' हे जसे अपुरे आज्ञार्थी रूप, तसेच 'दाबा' हेही अपुरेच. किती, केव्हा, कोठवर, ही क्रियाविशेषणे जोडल्याखेरीज दोन्हींना अर्थ येत नाही. जॉर्ज बर्नार्ड शॉ ह्यांच्या १९०६ सालच्या 'द डॉक्टर्स डिलेमा' ह्या नाटकात भक्षकपेशींना उत्तेजन देणे हाच सर्व रोगांवरचा उपाय मानणारा एक वैद्य आहे. त्याच्या हातून योग्य उपचार चुकीच्या वेळी होतो आणि रुग्ण दगावतो. विनोदी नाटककाराला जे कळले होते, ते आपल्या जाहिरातींना शंभर वर्षांनंतरही कळले नाही.

७

ह्यावर एक आक्षेप संभवतो. रूपकावाचून शास्त्र लोकांपर्यंत जाणार कसे? सुझन सॉन्टॅग ह्यांनी १९७८ साली रोगाभोवतीच्या रूपकांवर, त्यांतही युद्धाच्या रूपकावर, कठोर टीका केली आणि रोगाकडे रूपकाविना पाहण्याचा आग्रह धरला. हा आग्रह आम्हांस पूर्णतः मान्य होण्यासारखा नाही. 'शोथ', 'दाह', 'भक्षक', किंबहुना 'पेशी' ह्या संज्ञांतही रूपके झोपलेली आहेत. भाषा त्यांच्याविना चालत नाही. म्हणून रूपक हद्दपार करावे असे आमचे म्हणणे नसून, त्याची हद्द आखून द्यावी एवढेच म्हणणे आहे. बालवाचकाला सैनिक जरूर दाखवावेत. पण पदव्युत्तर विद्यार्थी, शास्त्रीय ग्रंथांचे अनुवादक आणि परिभाषाकार ह्यांनी तेथेच थांबू नये.

त्यांच्यासाठी तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली अशी की, ऊतकहानीच्या वाक्यातही उगम दाखवावा. 'हानी होते' ह्याऐवजी 'न्यूट्रोफिलमधून सांडलेल्या इलॅस्टेजमुळे वायुकोशाची भिंत विरते' असे लिहिता येते. त्यात पेशीवर आरोप नाही आणि तिची सुटकाही नाही. दुसरी अशी की, सांडणे, झिरपणे, साचणे, आवरणे, विरणे ही घरगुती क्रियापदे शास्त्रीय लेखनात निःसंकोच वापरावीत. 'हल्ला' आणि 'पराभव' ह्यांपेक्षा ती अधिक शास्त्रीय आहेत, कारण ती स्थळ आणि मात्रा सांगतात.

तिसरी सूचना आपल्या बोलभाषेच्या मर्यादेविषयी आहे, आणि ती करणे न्यायाचे ठरेल. कारण वर आम्ही तिची बाजू बरीच घेतली आहे. 'सूज ओसरली' असे आपण म्हणतो, तेव्हा पाऊस थांबल्यावर पूर आपोआप ओसरावा तसे चित्र उभे राहते. हे चित्र चुकीचे आहे. शोथाचे शमन ही स्वतंत्रपणे घडवून आणली जाणारी प्रक्रिया आहे. काम झालेले न्यूट्रोफिल न फुटता, आतील द्रव्ये बंदिस्त ठेवून, आक्रसून मरतात. महाभक्षी पेशी त्यांना गिळतात, हे १९८९ साली लंडनमधील संशोधकांनी दाखविले. अशा मृत पेशी गिळल्यावर महाभक्षी पेशींचा स्वतःचा वर्तनक्रमही बदलून तो दुरुस्तीकडे वळतो. शोथ आवरता घेण्याचे संकेत देणारे मेदजन्य रेणूही पुढे सापडले. म्हणजे सुरुवातीप्रमाणे शेवटही घडवावा लागतो, आणि तो घडला नाही तर शोथ जुनाट होऊन ऊतकहानी चालू राहते. युद्धाच्या भाषेत शेवट म्हणजे विजय. बोलभाषेत शेवट म्हणजे ओसरणे. ह्या दोहोंपेक्षा वेगळा, आवराआवरीचा अर्थ देणारा शब्द परिभाषेला हवा आहे. 'शमन' हा शब्द आपल्याकडे आहेच. 'शम्' धातूच्या प्रयोजक रूपात घडवून आणण्याचा अर्थही आहे. तो लेखनात जिवंत ठेवणे, म्हणजे 'शोथ शमला' एवढ्यावर न थांबता 'कशाने शमविला' हे सांगणे, हे अनुवादकांचे काम होय.